जिल्हा रुग्णालयातील ३ महिने: आवारातील खोली की भाड्याची?

एमडी-एमएस या डॉक्टरांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत तिसऱ्या ते पाचव्या सत्रादरम्यान ३ महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, तेव्हा कामाच्या आधी राहण्याचा प्रश्न उभा राहतो.

आवारातील खोलीचा मोठा आधार म्हणजे अंतर. रात्री २ वाजता प्रसूतिकक्षातून फोन आला, तर चपला अडकवून, टॉर्च घेऊन पाच मिनिटांत पोहोचता येते. अनोळखी गावात, विशेषतः मुलींसाठी, ही सुरक्षितता मला सर्वांत मोलाची वाटते. मात्र सुट्टीच्या दिवशीही हाक येतेच, आणि नळाला पाणी, दाराला धड कडी आहे की नाही, हे सामान उतरवण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

भाड्याच्या खोलीत एकांत व अभ्यासाची शांतता मिळते, पण घरमालकाला ११ महिन्यांचा भाडेकरू हवा असतो. शिवाय अनामत रक्कम, भाडेकराराची नोंदणी आणि मूळ शहरातल्या वसतिगृहाचे चालू शुल्क, असा दुहेरी भार विद्यावेतनावर पडतो.

रात्रपाळीच्या विभागात असाल तर आवारातच राहावे. रात्री बोलावणे क्वचितच येणाऱ्या विभागातील दोघांनी मात्र मिळून, चालत जाण्याच्या अंतरावर खोली घ्यायला हरकत नाही.