घरचं आयएनआर मशीन: काही महिने वापरल्यावर

हृदयात मेकॅनिकल (कृत्रिम) व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बसवला की वॉरफॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि डोस ठरतो आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्यावर. आकडा जितका जास्त, तितकं रक्त उशिरा गोठतं. एऑर्टिक व्हॉल्व्हला (हृदयातून महाधमनीत जाणाऱ्या वाटेवरचा) बहुधा २ ते ३, मायट्रलला (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधला) २.५ ते ३.५, तरी स्वतःची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. हा आकडा बोटाच्या थेंबातून मिनिटभरात सांगणारं मशीन नियमित वापरून झालेलं मत असं: यंत्र चोख आहे, घोळ होतो तो थेंब घेताना आणि आकडा बघून गोळीला हात लावताना.

हात कोमट पाण्याने धुवून अगदी कोरडे करायचे. ओल राहिली तर ती रक्तात मिसळून आकडा चुकतो. आधी स्ट्रिप घालायची, मशीनने तयार असल्याची खूण दिली की मगच बोटाच्या कडेला टोचायचं. थेंब पंधरा सेकंदांच्या आत स्ट्रिपवर गेला पाहिजे, कारण टोचल्या क्षणापासून रक्त गोठायला लागतं. बोट पिळून काढलेल्या थेंबाचा भरवसा नाही. थेंब कमी पडला म्हणून वरून दुसरा लावू नये. ती स्ट्रिप वाया गेली समजायचं आणि नवी स्ट्रिप, दुसरं बोट. (स्ट्रिपा महाग, म्हणून हा मोह सगळ्यांनाच होतो.) डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत स्ट्रिप खराब होते.

सुरुवातीला एकाच दिवशी, थोड्याच वेळाच्या अंतराने लॅबमध्येही तपासून घ्यावं. नेहमीच्या मर्यादेत अर्ध्या अंकापर्यंतचा फरक चालतो. चारच्या वर आकडा आला तर शिरेतलं रक्त देऊन खात्री करा. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (गोठण्याच्या तपासणीत अडथळा आणणारी प्रतिपिंडं) असलेल्यांना मात्र हे मशीन चुकीचा आकडा दाखवू शकतं.

आता गोळी. आजचा आकडा आजच्या गोळीचा नसतो, दोन-तीन दिवसांपूर्वीच्या डोसचा असतो. बदललेल्या डोसचा पुरता परिणाम दिसायला आठवडा लागू शकतो. मर्यादेपेक्षा ०.२ने खाली-वर झालं म्हणून रोज डोस बदलणाऱ्याचा आलेख झोके घेत राहतो. डोस नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहा. ‘एक गोळी’ म्हणजे २ की ५, हे नवीन पाकिटात कळत नाही. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

मशीनचा खरा उपयोग औषधं बदलतात तेव्हा कळतो. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, अमिओडॅरोनने आकडा चढतो, रिफॅम्पिसिनने कोसळतो. असं काही सुरू झालं की डॉक्टरांना कळवा आणि तीन ते पाच दिवसांत तपासा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं घेतल्यावर आकडा ठीक दिसूनही पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तिथे मशीन आंधळं आहे. पालेभाजी सोडायची गरज नाही, प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा.

तपासणीच्या कटकटीला कंटाळून, आयएनआर तपासावा न लागणाऱ्या रक्त पातळ करण्याच्या नव्या गोळ्यांकडे वळू नका. मेकॅनिकल व्हॉल्व्हवर त्यांतल्याच डॅबिगॅट्रानची चाचणी २०१२मध्ये थांबवावी लागली, कारण गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही.

डोक्याला मार लागला, शौच काळी झाली, बोलणं अडखळलं किंवा व्हॉल्व्हच्या टिकटिकीचा आवाज अचानक दबका झाला, तर मशीन काढत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.