आईबरोबर कोणती कादंबरी वाचाल : आशापूर्णादेवींची की एमी टॅनची?

लेक सुट्टीला कोल्हापुरात येणार आहे, आई घरीच आहे आणि तिघींनी मिळून एक कादंबरी वाचायची आहे. असा बेत असेल तर मी दोन नावं सुचवेन : आशापूर्णादेवींची ‘प्रथम प्रतिश्रुती’ (१९६४) आणि एमी टॅनची ‘द जॉय लक क्लब’ (१९८९). दोन्ही मी आईबरोबर वाचल्या. शुक्रवार पेठेतल्या घरी, दुपारची जेवणं उरकल्यावर, मोठ्यानं.

टॅनची कादंबरी सॅन फ्रान्सिस्कोतली. चीनहून आलेल्या चार आया आणि अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या चार लेकी. माहजाँग हा सोंगट्यांचा चिनी खेळ खेळायला जमणाऱ्या या बायका म्हणजे आपली भिशीच. खाणं, गप्पा आणि सगळ्यांनी मिळून घेतलेले शेअर्स, म्हणजे नफातोटा सारखाच. आईला हे लगेच कळलं. त्यांतली एक वारते आणि तिची लेक जिंग-मेई आईच्या जागेवर खेळायला बसते. मावश्या तिला सांगतात, चीनमध्ये तुझ्या बहिणी आहेत, त्यांना जाऊन भेट, आईबद्दल सांग. ती विचारते, मी काय सांगू, मला आईचं काय माहीत आहे? तिघींचे चेहरे उतरतात, कारण प्रत्येकीला तिच्यात आपलीच लेक दिसते. इथं मला वाचणं थांबवावं लागलं. आईच्या लहानपणच्या एकाही मैत्रिणीचं नाव मला सांगता आलं नसतं.

अडचण एवढीच की सोळा प्रकरणांत सात जणी आलटून पालटून बोलतात. कोण कुणाची लेक, हे कागदावर लिहून ठेवा. शिवाय मूळ इंग्रजी. मी आईला मराठीत सांगत गेले, त्यात वेळ जातो.

आशापूर्णादेवींच्या घरात मात्र आई पहिल्या पानापासून रमली. सासू, स्वयंपाकघर, सोवळंओवळं, काही समजावून सांगावं लागलं नाही. जुन्या बंगालमधली सत्यवती लेकीला शिकवू पाहते, आणि तिच्या पाठीमागे नऊ वर्षांच्या सुवर्णलतेचं लग्न उरकून टाकलं जातं. सत्यवती संसार सोडून काशीला निघून जाते. सत्यवती बरोबर होती, पण लेकीच्या वाट्याला काय आलं? यावर आमचं चार दिवस भांडण चाललं होतं. आई सत्यवतीच्या बाजूची, मी सुवर्णलतेच्या.

‘सुवर्णलता’ हा पुढचा भाग, तिसरा ‘बकुलकथा’. नव्या घराला बाल्कनी असेल असं नवरा सुवर्णलतेला खोटंच सांगतो, आणि ती घरभर बाल्कनी शोधत फिरते. ते पान झाल्यावर आई म्हणाली, ‘आपल्या गच्चीवर मी वाळवण घालण्यापलीकडं कधी बसलेच नाही गं.’

माझा कौल आशापूर्णादेवींना. आई कमी बोलणारी असेल तर नक्कीच. पहिल्या भागाला १९७६चं ज्ञानपीठ मिळालं आहे. आम्ही हिंदी अनुवाद वाचला; करवीर नगर वाचन मंदिरात आधी विचारून बघा. भाग जाडजूड आहेत, सुट्टीत एकच होईल. लेक परदेशी स्थायिक असेल आणि फोनवर ‘जेवलीस का’ यापुढं बोलणं सरकत नसेल, तर टॅन आधी घ्या.

गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ही मनात होती. नवरा गेल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिलेली ऐंशी वर्षांची आई आणि एकटी राहणारी लेक. २०२२ साली तिच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. पण तिची भाषा अशी खेळते की मोठ्यानं वाचताना धागा सुटतो. ती एकटीनं, सावकाश वाचा.