१:३५ की १:७२? युद्धवाहनांची पहिली प्रतिकृती करण्यापूर्वी

सातारा जिल्ह्यात सैन्याशी नाते नसलेले गाव शोधावेच लागेल. अपशिंगे मिलिटरीच्या तर नावातच ते नाते आले आहे. त्यामुळे घरातील कोणी चालवलेली जीप किंवा ज्या लढाईच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या, त्या लढाईतील रणगाडा आपल्या हाताने घडवावा, असे येथील अनेकांना वाटते. प्रतिकृतीच्या सुट्या भागांचे किट मागवण्यापूर्वी मात्र प्रमाण ठरवावे लागते (१:३५ म्हणजे खऱ्या वाहनाच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती, १:७२ म्हणजे बहात्तराव्या), कारण पुढचा खर्च, जागा आणि कामाची पद्धत त्यावरच ठरते.

सेंच्युरियन रणगाडा तोफेच्या नळीसह सुमारे ९.८ मीटर लांब असतो. १:३५ मध्ये तो २८ सेंटिमीटरचा होतो, तर १:७२ मध्ये साडेतेरा सेंटिमीटरचा. लांबी निम्म्याच्या आसपास असली, तरी मोठ्या प्रमाणातील एका रणगाड्याच्या जागेत लहान प्रमाणातील चार रणगाडे मावतात. फ्लॅटमधील एका काचेच्या कपाटावर ज्यांचा संग्रह उभा राहणार आहे, त्यांना हा फरक फार लवकर जाणवतो.

बारकाव्याच्या बाबतीत मात्र १:३५ ला तोड नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीप घ्या. तिच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या खाचा असतात आणि नंतरच्या नागरी सीजे जीपला सात. जुन्या गाड्यांचा शौकीन सर्वप्रथम हीच मोजणी करतो. १:३५ मधील साडेनऊ सेंटिमीटर लांबीच्या जीपवर प्रत्येक खाचेत काळपट पातळ रंग सोडून कोरड्या ब्रशने कडा उजळता येतात आणि जाळीमागे बसवलेले दिवे वेगळे रंगवता येतात. सुमारे पाच सेंटिमीटर उंचीच्या चालकाच्या चेहऱ्यावर भावही आणता येतो. १:७२ मध्ये हीच जीप जेमतेम साडेचार सेंटिमीटरची असल्यामुळे खाचा दिसतात, पण त्यांत रंग भरणे हे सरावलेल्या हाताचे काम आहे.

लढाईचा प्रसंग उभा करायचा असेल, तर माझे मत निःसंकोचपणे १:७२ च्या बाजूने आहे. सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबमधील असल उत्तरची लढाई उसाच्या शेतांत झाली. तेथे सोडलेल्या पाण्याने झालेल्या चिखलात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले, आणि भारताच्या बाजूने सेंच्युरियन, डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे शर्मन व हलके एएमएक्स-१३ असे तीन प्रकारचे रणगाडे लढले. कृष्णाकाठच्या माणसाला उसाच्या फडात किती अंतरापर्यंत दिसते, हे सांगावे लागत नाही, आणि या लढाईचे मर्म त्या आडोशातच आहे. आता हिशेब पाहा: चौरस गुंठ्याची एक बाजू ३३ फुटांची. १:३५ मध्ये ती सुमारे २९ सेंटिमीटर होते, म्हणजे एक सेंच्युरियन ठेवला की गुंठा संपला. १:७२ मध्ये ती १४ सेंटिमीटर होते, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पंधरा-वीस गुंठ्यांचा फड, बांध, रुतलेला पॅटन आणि दबा धरून बसलेली तोफवाहू जीप मावते.

विमानांचे गणित निराळे आहे. सुमारे पावणेनऊ मीटर लांबीचे नॅट हे छोटे लढाऊ विमान १:७२ मध्ये बारा सेंटिमीटरचे होते आणि तेवढे पुरेसे असते. अधिक तपशील हवा असल्यास विमानांसाठी १:४८ निवडावे.

रंगाबाबत दोन्ही प्रमाणांना एकच पथ्य लागू आहे. पावसाळ्यातील दमट दिवशी मॅट वार्निश फवारल्यास त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात जोडणी, घासकाम व पुट्टी उरकावी आणि अखेरचा थर कोरड्या हवेत द्यावा. घरात लहान मुले असतील, तर उग्र वासाच्या इनॅमलपेक्षा पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग सोयीचे ठरतात.

म्हणून ज्यांना एकाच वाहनाचा ध्यास आहे, त्यांनी १:३५ ची जीप घ्यावी. रणगाड्याआधी जीप, कारण तिचे भाग कमी असतात. ज्यांना लढाई समजून घ्यायची आहे, त्यांनी १:७२ चे एकाच लढाईतील दोन-तीन रणगाडे घ्यावेत. दोन्ही प्रकारच्या छांदिष्टांनी रंगकामापूर्वी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहून यावे. १:३५ करणाऱ्यांनी तेथे वेल्डिंगचे सांधे आणि साखळपट्ट्यांच्या कड्या जवळून न्याहाळाव्यात. १:७२ करणाऱ्यांनी पाच-सहा पावले मागे उभे राहून एकूण आकार आणि रंगाची छटा टिपून घ्यावी.