बेलीचा काफिला की गियोमेचं वाळवंट?

दोघेही फ्रेंच चित्रकार, आणि दोन्ही चित्रं पॅरिसच्या ओर्से म्युझियममधली. लिओन बेलीच्या १८६१ च्या चित्रात मक्केला निघालेला काफिला थेट आपल्या अंगावर येतो, उंट, रणरणतं ऊन, दमलेले चेहरे, आणि डावीकडे गाढवावर बाई नि मूल, शेजारी चालणारा माणूस, म्हणजे हजच्या वाटेवर येशूचं कुटुंबच घुसवल्यासारखं वाटतं राव! गियोमेच्या १८६७ च्या ‘सहारा’त मात्र पुढ्यात उंटाचा सांगाडा, लांब क्षितिजावर पुसटसा काफिला, बस्स. चित्र म्हणून हेच जास्त भारी, खोटं कशाला बोलू. पण सहाराचा मोठा भाग ज्यात येतो तो अल्जीरिया १८३० पासून फ्रेंच लोक गिळत होते, त्यामुळे ‘इथे कोणी राहतच नाही’ असं दिसणं त्यांच्या सोयीचंच की. बेलीकडे निदान माणसांना चेहरे तरी आहेत, म्हणून माझं मत त्याला.