अपुऱ्या गाण्यांचा मरणोत्तर अल्बम: तसाच काढायचा, मिक्सपुरते थांबायचे, की पुरा करायचा?

गायक-गीतकाराच्या मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून अल्बम काढायचे ठरले की वारसांपुढे आणि निर्मात्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, जे सापडले ते स्वच्छ करून तसेच द्यायचे. दुसरी, कलावंताने स्वतः वाजवले-गायले तेवढेच घ्यायचे, पण नीट मिक्स करायचे, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज योग्य प्रमाणात एकत्र करायचे. तिसरी, उरलेली वाद्ये, कोरस, वाद्यवृंद नव्याने वाजवून घेऊन गाणे पुरे करायचे. तिन्ही वाटांनी चांगले अल्बम झाले आहेत आणि तिन्ही वाटांनी वाईटही. घोटाळा बहुतेक वेळा होतो तो सगळ्या अल्बमसाठी एकच वाट एकदम ठरवून टाकल्यामुळे. निर्णय गाण्यागणिक घ्यावा लागतो, आणि तोही टेपवर नेमके काय आहे ते कळल्यावरच.

आधी टेपवर काय आहे ते पाहा

घरगुती चार-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर (एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे ट्रॅकवर, नोंदवणारे यंत्र) केलेले काम साध्या डेकवर वाजवून पाहण्याची चूक सर्रास होते. साधी कॅसेट सेकंदाला ४.८ सेंटिमीटर वेगाने चालते. अनेक चार-ट्रॅक यंत्रे दुप्पट, म्हणजे ९.५ सेंटिमीटरने चालतात. त्यामुळे गाणे अर्ध्या गतीने आणि एक सप्तक खाली ऐकू येते. शिवाय पहिले दोनच ट्रॅक सुलटे वाजतात, उरलेले दोन कॅसेट उलटवल्यावर उलटे. घरच्यांनी ‘खराब झाली’ म्हणून बाजूला ठेवलेली कॅसेट प्रत्यक्षात धडधाकट असू शकते. ज्या जातीच्या यंत्रावर रेकॉर्ड केले त्याच जातीचे, चालू स्थितीतले यंत्र मिळवा. मुद्रण करताना डीबीएक्ससारखी खरखर कमी करणारी सोय चालू होती का ते पाहा; वाजवताना ती बंद राहिली तर आवाज कर्कश येतो आणि चढउतार सपाट होतात. टेप वाचणाऱ्या हेडचा कोनही त्या कॅसेटला जुळवून घ्यायचा, नाहीतर वरचे सूर बोथट होतात आणि पुढे मिक्समध्ये ती उणीव भरून काढण्यात दिवस जातात.

रीळवरच्या टेपचे दुखणे वेगळे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बनलेल्या काही टेपांचा चिकट थर ओल धरतो, हेडवर चीक सोडतो आणि टेप किंचाळत थांबते. अशी टेप सुमारे ५४ अंश सेल्सिअसला किमान आठ तास, रुंद टेप त्याहून जास्त वेळ, नियंत्रित उष्णतेत ठेवली की काही आठवड्यांपुरती वाजवण्याजोगी होते. तेवढ्यात तिचे डिजिटल रूपांतर उरकायचे. जुनी अ‍ॅसिटेटची टेप मात्र चुकूनही तापवू नये. रूपांतर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला, काहीही न सुधारता करावे. ही मूळ प्रत पुढे कोणीही हात लावण्यासाठी नाही.

टेपचा वेग तपासायला एक सोपा पुरावा बहुतेक घरगुती मुद्रणांत आयता सापडतो, तो म्हणजे विजेची घुमघुम. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर रेकॉर्ड झालेली घुमघुम वारंवारता दाखवणाऱ्या विश्लेषकावर ५१.५ ला दिसली तर टेप ३ टक्के जास्त वेगात वाजते आहे. तेवढ्याने जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा फरक पडतो आणि आवाज ओळखीचा वाटत नाही. हे न पाहता सूर सुधारण्याचे सॉफ्टवेअर लावणे म्हणजे नसलेला आजार बरा करणे. अर्थात, गायकाने मुद्दाम वेगाचे बटण फिरवले असेल तर आकडे जुळले तरी निर्णय उलटा होतो, म्हणून त्याच काळातले त्याचे दुसरे मुद्रण शेजारी ठेवून ऐकावे.

हार्ड डिस्कवर काम असेल तर सत्र, म्हणजे गाण्याची मुद्रण-सॉफ्टवेअरमधली फाइल, उघडते, पण इफेक्टची सॉफ्टवेअरे सापडत नाहीत आणि गिटार कोरडी ऐकू येते. त्याहून वाईट, ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या सत्रात रूपांतराशिवाय ओढली जाते. गाणे सुमारे ९ टक्के जलद आणि जवळपास दीड अर्धस्वर वर जाते. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत अखंड फाइल म्हणून काढून ठेवा, आणि शोधा तो शेवटचा रफ मिक्स, म्हणजे कलावंताने स्वतः केलेला कच्चा मिक्स. मित्राला मेलने पाठवलेला असेल, गाडीत ऐकण्यासाठी सीडीवर काढलेला असेल. आवाज किती पुढे, प्रतिध्वनी किती, कोणती गिटार गप्प केली, या प्रश्नांना कलावंताने दिलेले एवढेच उत्तर उरलेले असते.

तसाच ठेवणे आणि मिक्सपुरते थांबणे

या दोन वाटांची तुलना जेफ बकली आणि इलियट स्मिथ या अमेरिकन गायक-गीतकारांच्या अल्बमांत चांगली होते. बकली २९ मे १९९७ ला मेम्फिसमध्ये बुडून वारला. निर्माता टॉम व्हर्लेनबरोबर झालेली स्टुडिओतली सत्रे त्याला पसंत नव्हती. तो घरी चार-ट्रॅकवर नवे डेमो करत होता. १९९८ मध्ये ‘स्केचेस फॉर माय स्वीटहार्ट द ड्रंक’ आला तो दोन तबकड्यांचा: मुख्यतः व्हर्लेनबरोबरची सत्रे एकीकडे, घरचे डेमो प्रामुख्याने दुसरीकडे. ‘स्केचेस’ हा शब्द नावातच घातल्याने ऐकणारा रेखाटने म्हणूनच ऐकतो. दुसरी तबकडी काही ठिकाणी सोसवत नाही, ड्रम मशीन टिकटिकत राहते आणि गाणी अधांतरी संपतात. पण त्याला पुढे कुठे जायचे होते ते तिच्यातूनच कळते, पहिल्या तबकडीतून नाही. घरचे डेमो गाळून फक्त सुबक सत्रे काढली असती, तर त्याने नाकारलेलीच रूपे अखेरची म्हणून उरली असती.

स्मिथ २१ ऑक्टोबर २००३ ला गेला. वर्षभराने ‘फ्रॉम अ बेसमेंट ऑन द हिल’ आला. कुटुंबाने मिक्सचे काम रॉब श्नॅफ आणि जोॲना बोल्मे यांना दिले, दोघेही त्याला जवळून ओळखणारे. ऐकायला अल्बम सलग आणि पुरा वाटतो, हे या वाटेचे यश. पण स्मिथबरोबर यातली काही गाणी रेकॉर्ड करणारे डेव्हिड मॅकॉनेल यांचे म्हणणे राहिले की त्याला आवाज याहून खडबडीत हवा होता. मिक्स करणारा माणूस जवळचा असला तरी तो कुठल्या काळात जवळचा होता, हा प्रश्न उरतोच. पाच वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्याच्या कानात पाच वर्षांपूर्वीचा आवाज असतो. शेवटच्या सहा महिन्यांत खोलीत कोण होते, त्याला निदान ऐकायला तरी बोलवावे.

तेव्हा या दोहोंतून निवडायचे कसे? गाण्याचे शब्द पुरे आहेत, आवाजाचा एक तरी टेक सलग आहे आणि वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत, तर मिक्स करा. आवाज आणि गिटार एकाच मायक्रोफोनवर असतील तर मिक्स करण्यासारखे फार काही नसते; तसेच द्या. स्वच्छता करतानाही हात आखडता ठेवा. खरखर ३ ते ६ डेसिबलने उतरवली तर कान विसरून जातो. पूर्ण घालवली तर ‘स’, ‘श’ आणि श्वास पाण्याखाली गेल्यासारखे होतात. घुमघुमीसाठी मूळ वारंवारता आणि तिच्या पटींवर अरुंद छेद पुरतात. खुर्चीचा आवाज, बोटे तारेवरून सरकल्याचा आवाज राहू द्यावा. गाण्यांच्या आवाजाची पातळी एकमेकांशी बळेबळे जुळवू नये, कुजबुजीत गायलेला डेमो बँडच्या गाण्याइतका मोठा केला की खरखरही तेवढीच वर येते.

पुरे करणे

सर्वांत महाग, सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत मोहाची वाट. एकाच कलावंताच्या बाबतीत तिची दोन टोके पाहायची तर गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. तो सप्टेंबर १९७० मध्ये गेला. मार्च १९७१ चा ‘द क्राय ऑफ लव्ह’ त्याचा ड्रमर मिच मिचेल आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांनी उभा केला. दोघेही त्या सत्रांत हजर होते. १९७५ च्या ‘क्रॅश लँडिंग’साठी निर्माते ॲलन डग्लस यांनी मूळचे ड्रम आणि बास काढून त्या जागी स्टुडिओतल्या भाडोत्री वादकांकडून नवे वाजवून घेतले. ऐकताना फरक कळतो. हेंड्रिक्स ताल मागे-पुढे खेचतो आणि मागचे वादक सरळ चालत राहतात, कारण त्यांच्यात डोळ्यांची देवाणघेवाण झालेलीच नाही.

गायक-गीतकार लिओनार्ड कोहेनच्या ‘थँक्स फॉर द डान्स’मध्ये (२०१९) उलट आहे. कोहेन नोव्हेंबर २०१६ मध्ये गेला, तेव्हा काही गाण्यांचा केवळ आवाज रेकॉर्ड झालेला होता. मुलगा ॲडम याने त्याभोवती संगीत रचले. त्याचे जुने साथीदार हावियेर मास यांनी कोहेनचीच गिटार वाजवली. नऊ गाणी, अर्ध्या तासाहून कमी. हा आखूडपणाच त्याची ताकद आहे, कारण भरतीची गाणी घातलेली नाहीत. इथे पुरे करणे सोपे गेले त्याला तांत्रिक कारणही आहे: शेवटच्या काळात कोहेन जवळजवळ बोलल्यासारखा गायचा, त्यामुळे नवे सूर बसवायला मोकळीक होती. पूर्ण चालीत गायलेल्या आवाजाखाली नवे स्वरसंच (कॉर्ड) टाकले की चालीचा अर्थच बदलतो.

रॅपर मॅक मिलरचा ‘सर्कल्स’ (२०२०) पुरा करणारे निर्माते जॉन ब्रायन हे मिलर जिवंत असतानाच त्याच प्रकल्पावर काम करत होते. इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेकच्या एका गाण्याला १९६८ मध्ये दुसऱ्या संगीतकाराने दिलेला वाद्यवृंद ड्रेकला रुचला नव्हता. २००४ च्या संग्रहात तो काढून त्याच्या पसंतीच्या रॉबर्ट कर्बी यांची रचना नव्याने वाजवून जोडली. अशा जागी नवे वादन म्हणजे कलावंताने घेतलेल्या निर्णयाची उशिरा झालेली अंमलबजावणी. तेवढा धागा हाती नसेल तर तिसऱ्या वाटेला जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत.

जाणारच असाल तर क्रम असा ठेवा. क्लिकशिवाय, म्हणजे तालाची टिकटिक कानात न ठेवता, गायलेल्या आवाजाला समान मात्रांत कोंबू नका. गाणाऱ्याच्या ठोक्यांवरून तालाचा नकाशा काढा, ध्रुवपदात गती वाढत असेल तर ती वाढू द्या, आणि ड्रमरला गाणाऱ्याच्या गिटारच्या हातामागून वाजवायला सांगा. आधी बास, मग ड्रम, बाकी सगळे नंतर. प्रत्येक वाद्य चढवल्यावर ते गप्प करून ऐका. गप्प केल्यावर गाणे सुधारले असे वाटले तर ते वाद्य काढा. आवाजावर नव्या खोलीचा प्रतिध्वनी थोडा घालावा लागतो, नाहीतर गायक एका घरात आणि वादक दुसऱ्या घरात बसल्यासारखे ऐकू येते.

एकाच मायक्रोफोनवरचा आवाज यंत्राकडून वेगळा करता येतो आता. जॉन लेननच्या घरच्या कॅसेटवर पियानोने आवाज झाकला होता आणि घुमघुम होती. १९९५ मध्ये उरलेल्या तिघा बीटल्सनी ते गाणे सोडून दिले, आणि आवाज सुटा करता आल्यावर २०२३ मध्ये ते ‘नाऊ अँड देन’ म्हणून आले. पण वेगळ्या केलेल्या आवाजाच्या शेपटीतला प्रतिध्वनी बहुधा वाद्यांबरोबर निघून जातो आणि व्यंजनांच्या कडा तुटतात. तो आवाज एकटा, हेडफोनवर ऐका. एकटा सोसवत नसेल तर नव्या वाद्यांच्या आड लपवण्यापेक्षा मूळ मुद्रणच द्यावे.

शब्द अपुरे असतील तर

दुसऱ्या अंतऱ्यात नुसते ‘ला ला’ असेल तर पर्याय तीन: तिथे वाद्य वाजवणे, पहिला अंतरा पुन्हा आणणे, किंवा गाणे तिथेच थांबवणे. पहिला अंतरा चिकटवला की ऐकणाऱ्याला तो गायकाचाच निर्णय वाटतो, म्हणून तो पर्याय सर्वांत वाईट. दीड मिनिटाचे गाणे दीड मिनिटाचेच बरे. दुसऱ्याकडून ओळी लिहवून कृत्रिम आवाजात गाऊन घेणे हा पर्याय इथे मोजलेलाच नाही. आवाजाबद्दल साधी शंका आली तरी काय होते ते मायकल जॅक्सनच्या २०१० च्या अल्बममधल्या तीन गाण्यांनी दाखवले: आवाज त्याचाच का यावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि २०२२ मध्ये ती स्ट्रीमिंगवरून उतरवली गेली. कव्हरवर कोणत्या वर्षी, कोणत्या यंत्रावर, काय मूळचे आणि काय नंतरचे हे गाण्यागणिक छापले की निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

तिसरी वाट घेतलेल्या प्रत्येक गाण्याचे मूळ रूप त्याच अल्बममध्ये किंवा त्याच दिवशी सोबत द्या. खर्च जवळजवळ शून्य, कारण रूपांतर आधीच झालेले असते. विरोध होतो तो बहुधा कंपनीकडून: कच्चे ऐकून लोक पक्के घेणार नाहीत अशी भीती. ‘पुरवणी’ म्हणून नंतर काढण्याचे आश्वासन मिळते आणि मग ती निघत नाही. करारातच लिहून घ्यावे.