डव्हटेलसाठी आधी काय घ्यायचं: चांगली करवत की चुंबकी गाईड?

फ्लॅटच्या गॅलरीत बसून सागवानी ड्रॉवर हाताने करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डव्हटेल म्हणजे ड्रॉवरच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत अडकवणारा सांधा: एका फळीवर पंख्यासारखे फाकलेले दात, म्हणजे टेल, आणि दुसरीवर त्यांच्या मधल्या जागेत बसणारे पिन. राउटर, म्हणजे खाचा कापायचं विजेवरचं यंत्र, यात धरलेला नाही. त्याचा आवाज आणि उडणारा भुसा सोसायटीत चालत नाही. मग उरतात दोन प्रश्न. करवत ढकलून कापणारी घ्यायची की ओढून कापणारी? आणि कापताना तिला आधार द्यायचा की नुसता हात चालवायचा?

आधी करवत. आपल्याकडची ओळखीची तऱ्हा ढकलायची. डव्हटेलसाठी यातली पाठीवर पट्टी असलेली छोटी करवत लागते, इंचाला 14 ते 20 दात असलेली. दात उभ्या कापाचे हवेत, कारण डव्हटेलमध्ये आपण लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच कापतो. बोथट झाली की तिकोनी कानशीने धार लावता येते, आणि सागवानात ती लावावीच लागते; त्या लाकडातली सिलिका धार खाते. डोझुकी ही जपानी करवत ओढताना कापते. पातं ओढताना ताणलं जातं म्हणून पातळ चालतं, साधारण 0.3 मिलिमीटर. काप इतका बारीक येतो की पहिल्यांदा बघताना करवत लाकडात शिरलीय हेच पटत नाही. पण बहुतेक डोझुकींचे दात कडक केलेले असतात, कानस त्यांवर चालत नाही. धार गेली की पातं बदलायचं. बुधवारी किंवा रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात गंजलेली पण सरळ पात्याची जुनी करवत मिळाली तर जरूर घ्या. पातं वाकडं असेल तर फुकट मिळाली तरी नको.

आता गाईड. लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात ठरलेला कोन आणि आत चुंबक. ठोकळा फळीच्या टोकाला क्लॅम्प करायचा. चुंबक पातं ठोकळ्याकडे ओढून धरतो आणि करवत त्या कोनातच चालते. मऊ लाकडाला 1:6, म्हणजे सुमारे साडेनऊ अंश, आणि कठीण लाकडाला 1:8, म्हणजे सुमारे सात अंश, हे रूढ प्रमाण आहे. गाईड घेताना सगळे याच कोनावर अडतात, पण सांध्याची पकड घट्ट बसण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. टेल आधी कापले की त्यांचीच रेघ दुसऱ्या फळीवर उतरवून पिन कापायचे असतात. टेल एक-दोन अंश इकडे तिकडे झाला तरी पिन त्याच्याच मापाचा होतो. बिघडतं ते काप फळीच्या जाडीत काटकोनात गेला नाही तर. समोरून रेषा अगदी बरोबर दिसते, मागून काप अर्धा मिलिमीटर सरकलेला असतो, आणि सांधा ठोकताना पिनची कड फुटते. गाईडचा खरा उपयोग इथे आहे: ती काटकोन सांभाळते.

जे ती सांभाळत नाही तेही ऐका. पिनची रेघ उतरवल्यावर करवत रेघेच्या कुठल्या बाजूला ठेवायची, हे तुम्हीच ठरवता. करवत टाकाऊ भागात, रेघ अर्धी शिल्लक. इथे चूक झाली तर गाईड तीच चूक अगदी सरळ कापून देते. शिवाय पटाशीचं काम पूर्ण हाताचं. सागवानाच्या टोकाकडून बोथट पटाशी मारली की लाकूड कापलं न जाता चुरडतं, आणि त्या खड्ड्यात पुढे फट दिसते. बोहरी आळीत हत्यारांवर पैसे खर्च करायला निघालात तर आधी पटाशी आणि धारेचा दगड घ्या.

गाईड आणि करवतीची जोडीही जुळायला हवी. बाहेर जास्त फाकवलेले दात गाईडच्या अंगाला ओरखडे काढतात आणि काही दिवसांत कोन ढिला पडतो. म्हणून गाईडसोबत डोझुकी बरी, आणि नुसत्या हाताने शिकायचं असेल तर ढकलायची. गाईडचा ठोकळा घरीही होतो: भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवानाचा चांगला वाळलेला तुकडा आणायचा, चारी बाजूंनी काटकोनात रंधून कोन कापायचा आणि चुंबक पृष्ठभागाच्या किंचित आत बसवायचे. माझी गाईड अशीच आहे.

वेळेचाही विचार करा. मी एका जुलैत टेल कापून फळ्या तशाच गॅलरीत ठेवल्या. आठ दिवसांनी पिन उतरवायला घेतले तर फळी पावसाळी हवेने पन्हाळीसारखी वळलेली. रेघा उतरल्या, पण सांधा बसला नाही, तो ड्रॉवर मी पुन्हा केला. गाईड असो वा नसो, टेल आणि पिन एकाच बैठकीत उरकायचे.

वर्षाला एखादी पेटी करणार असाल तर गाईड घ्या. ड्रॉवरवर ड्रॉवर करायचे असतील तर आधी गाईडशिवाय शिका. निर्णय होत नसेल तर टाकाऊ तुकड्यावर गुण्याने 20 उभ्या रेघा मारा, करवतीने कापा आणि प्रत्येक कापाला गुण्या लावून उजेडात बघा. 15 काप काटकोनात निघाले, तर गाईडचे पैसे लाकडात घाला.