सुदान ब्लॅक बी, वर्षभराच्या वापरानंतर: गाळल्याशिवाय स्लाइडवर टाकू नका

चमकता रंग जोडलेल्या अँटिबॉडीनं ऊती बघताना ऊतीची स्वतःची चमक (ऑटोफ्लुरोसन्स) मधे येते. ती विझवणाऱ्या तयार द्रावणाची, म्हणजे क्वेंचरची, बाटली संपत आली, नवी मागवली, ती आली तेव्हा मुदत संपायला जेमतेम दोन महिने उरले होते. विक्रेत्याचं उत्तर एकच: "सील तुटलं की माल परत होत नाही." सील न तोडता आत गाळ बसलाय का ते कसं बघायचं, यावर मात्र तो गप्प. म्हणून परभणीच्या या लॅबमध्ये याच कामाच्या जुन्या काळ्या रंगावर, सुदान ब्लॅक बीवर, परत आलो आणि वर्षभर तेच चालू आहे.

हिशेब सरळ आहे. ०.१ टक्का द्रावणाला ५० मि.ली.मागे ५० मि.ग्रॅ. पावडर लागते. २५ ग्रॅमच्या बाटलीतून असे ५०० जार भरतात. तयार किटच्या पैशांत असल्या कितीतरी बाटल्या येतील. फक्त लेबलवर सी.आय. (कलर इंडेक्स क्रमांक) २६१५० आणि डाय कंटेंट (पावडरीतलं खऱ्या रंगाचं प्रमाण) दोन्ही बघून घ्या. लॉट बदलला की रंगाची ताकद बदलते, म्हणून नव्या बाटलीची आधी एका टाकाऊ स्लाइडवर परीक्षा घ्या.

काम करतं का? लिपोफ्युसिनवर, म्हणजे वयाबरोबर पेशीत साठणाऱ्या, आपोआप चमकणाऱ्या रंगद्रव्यावर, नक्की. म्हाताऱ्या देवणी बैलाच्या मेंदूतले न्यूरॉन बघा: पेशीत पिवळसर कणांचा झुबका, हिरव्या चॅनेलमध्येही दिसतो आणि लालमध्येही. दोन्ही चॅनेलमध्ये तोच कण तिथेच दिसला तर तो अँटिबॉडीचा नाही, हे धरून चाला. सुदान ब्लॅकच्या दहा मिनिटांनंतर हे कण जवळजवळ विझतात. ०.३ टक्के आणि वीस मिनिटं केलं तर आणखी काळोख होतो, पण त्यात खरा सिग्नलही मार खातो. क्षीण अँटिबॉडी असेल तर ०.१ टक्क्यावरच थांबा.

आता गाळण्याबद्दल. यावर कुणी दोन ओळींपलीकडे लिहीत नाही आणि निम्म्या स्लाइडी इथेच वाया जातात. हा रंग ७० टक्के इथेनॉलमध्ये काठावर विरघळलेला असतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, पंखा डोक्यावर आणि कॉप्लिन जारचं (स्लाइड उभ्या बुडवायच्या बरणीचं) झाकण सैल. अल्कोहोल उडतं, पाण्याचं प्रमाण वाढतं, रंग बाहेर पडतो. मग सेक्शनवर काळे, सुईच्या टोकाएवढे कण बसतात. ते कण चमकत नाहीत, पण खालचा सिग्नल झाकतात, आणि मोजणी करणारं सॉफ्टवेअर त्या जागा रिकाम्या धरतं. पुण्यामुंबईच्या एसी खोलीत लिहिलेल्या प्रोटोकॉलमध्ये ही अडचण येणारच नाही.

म्हणून असं करा. पावडर ७० टक्के इथेनॉलमध्ये मॅग्नेटिक स्टररवर दोन तास, बाटलीला फॉइल गुंडाळून. रात्रभर स्थिर ठेवा. वरचा भाग हलक्या हातानं काढून आधी व्हॉटमन १ मधून, मग वापरायच्या क्षणी ०.४५ मायक्रॉनच्या नायलॉन सिरिंज फिल्टरमधून. सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर घेऊ नका, अल्कोहोलला तो टिकत नाही. जारला पॅराफिल्म लावा. काल उघडं राहिलेलं द्रावण आज वापरू नका, कितीही जीव तुटला तरी.

दुसरी गोम धुण्यात. रंगातून काढलेली स्लाइड थेट पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) घातली की अल्कोहोल एकदम कमी होतं आणि उरलेला रंग तिथेच सेक्शनवर बसतो. आधी ताज्या ७० टक्के इथेनॉलमध्ये दोन-तीन झटपट बुडक्या, मगच पीबीएस, पाच मिनिटं तीन वेळा. बुडकी लांबवली तर रंगच निघून जातो. हे सगळं सेकंडरी अँटिबॉडीनंतर (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी, चमकता रंग जोडलेली दुसरी), शेवटी. यानंतर ट्वीन किंवा ट्रायटन ही डिटर्जंट असलेलं काहीही लावू नका, दोन्ही रंग ओढून काढतात. माउंटिंग ग्लिसरॉलचं. डीपीएक्स अजिबात नाही: त्यातलं झायलीन रंग विरघळवतं.

इथपर्यंत मी पाचपैकी साडेचार दिले असते. मग पेरॉक्साइडमध्ये बुडवून एलईडीच्या उजेडानं ही चमक आधीच उतरवायची पद्धत लावली आणि मत बदललं.

डिपॅराफिन (मेण काढणं) आणि अँटिजन रिट्रीव्हल (फॉर्मेलिननं झाकलेल्या जागा अँटिबॉडीसाठी उघडणं) झाल्यावर, पण ब्लॉकिंगच्या (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून करायच्या लेपाच्या) आधी: ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १५ मि.ली., १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २.४ मि.ली., बाकी पीबीएस, एकूण १०० मि.ली. स्लाइड काचेच्या ट्रेमध्ये, वर-खाली पांढरे एलईडी पॅनेल, ४५ मिनिटं. द्रावण बदलून पुन्हा ४५. मिश्रण दर वेळी ताजं. ट्रे कोल्ड पॅकवर ठेवा, नाहीतर बुडबुडे वाढून सेक्शन सुटतात. सेक्शन धरून ठेवणाऱ्या चार्ज्ड स्लाइड हव्यातच. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि उरलेलं मिश्रण घट्ट बुचाच्या बाटलीत कधीच भरू नका, वायू साठून ती फुटते. पॅनेल इन्व्हर्टरवर आरामात चालतं, त्यामुळे लोडशेडिंगनं काम अडत नाही.

कत्तलखान्यातून आलेल्या उस्मानाबादी शेळीच्या ऊतीत रक्त धुतलेलं नसतं, परफ्युजनचा (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून रक्त धुऊन काढण्याचा) प्रश्नच नाही. त्या लाल पेशींची चमक सुदान ब्लॅकनं माझ्या समाधानाइतकी गेली नव्हती, पेरॉक्साइड-एलईडीनं बरीच उतरली. शिवाय सुदान ब्लॅक स्वतः फार-रेडमध्ये चमकतो, म्हणजे साय-५ किंवा ६४७ या फ्लुरोफोरचं (चमकत्या रंगाचं) चॅनेल हातचं जातं. एलईडीत तो तोटा नाही. धमनीच्या भिंतीतलं इलास्टिन मात्र दोन्हींना पुरतं दाद देत नाही. तिथे ६४७चा फ्लुरोफोर घेणं हाच उपाय. सोडियम बोरोहायड्राइड ग्लुटाराल्डिहाइडच्या नमुन्यांना ठीक, साध्या फॉर्मेलिनला त्याच्या बुडबुड्यांचा त्रास नको.

सुदान ब्लॅक आता फक्त म्हाताऱ्या जनावरांच्या मेंदू आणि हृदयासाठी, एलईडीनंतर, ०.१ टक्का. पाचपैकी चार.

शेळीच्या ऊतीवर डाँकी अँटि-गोट (गाढवात बनवलेली, शेळीच्या अँटिबॉडीला चिकटणारी) सेकंडरी लावून सगळा सेक्शन पेटला, तर ना रंगाला दोष द्या ना दिव्याला: ती अँटिबॉडी शेळीच्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनला चिकटली आहे. प्रत्येक बॅचला खऱ्या स्लाइडबरोबर एक बिनरंगी (कुठलीच अँटिबॉडी न लावलेली) आणि एक फक्त सेकंडरीची स्लाइड ठेवा, एक्स्पोजर तिन्हींना सारखं. बिनरंगी काळी आणि सेकंडरीची उजळ असेल तर क्वेंचर कितीही ओता, फरक पडणार नाही.